मोहीम पदक आणि त्याची वाट पाहणारे सैनिक

श्रोतेहो, नमस्कार.

शौर्यपदक एका सैनिकाच्या पराक्रमासाठी दिले जाते, तर मोहीम पदक त्या मोहिमेत सेवा बजावलेल्या प्रत्येकाला मिळते. त्यामुळे हजेरी कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. सेनादलाच्या शिफारशीवर राज्यसत्तेची मंजुरी मिळाली की आदेशात मोहिमेचे क्षेत्र, तिचा कालावधी आणि तेथे काढलेले किमान दिवस नमूद होतात. क्षेत्र, कालावधी आणि दिवस, या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे पलटणीच्या नोंदींवरून नामावली तयार होते, ती पडताळली जाते आणि पदके घडवली जातात.

हे सारे युद्ध संपताच व्हावे असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण ब्रिटिश सैन्याच्या इतिहासात आहे. १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली आणि तिच्यासाठी सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना एकसारखे चांदीचे पदक मिळाले. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये त्याआधी वर्षानुवर्षे लढलेल्या शिपायांना मात्र काहीच मिळाले नव्हते; त्या लढायांची सुवर्णपदके फक्त वरिष्ठ अधिकाऱ्यांना दिली गेली होती. एकाच पलटणीत नव्या रंगरुटाच्या छातीवर वॉटर्लूचे पदक असे आणि स्पेनमधल्या बादाखोस किल्ल्याच्या तटावर चढलेला, पण वॉटर्लूला नसलेला जुना शिपाई रिकाम्या छातीने त्याच्या शेजारी उभा राही. रिचमंडच्या ड्यूकने संसदेत या शिपायांची बाजू लावून धरली; ज्यांच्या हाताखाली ते लढले, त्या वेलिंग्टनचा मात्र विरोध होता. अखेर १८४७ साली त्यांच्या पदकाला मंजुरी आली. तोवर त्या लढायांनंतर जन्मलेली व्हिक्टोरिया राणी झाली होती, आणि पदकावर तिचीच मुद्रा आली. अट अशी होती की सैनिकाने जिवंत असावे आणि स्वतः अर्ज करावा. जिवंत असावे, आणि अर्ज करावा! अर्ज करण्याआधीच जे वारले, त्यांच्या विधवांना ते मागता आले नाही. अर्ज करणारे सुमारे २६,००० निघाले. प्रत्येक लढाईसाठी फितीवर नावाची एक पट्टी होती. दोघांच्या पदकांवर तर १५ पट्ट्या होत्या. १८०१ च्या इजिप्त मोहिमेची पट्टी मंजूर व्हायला १८५० साल उजाडले.

त्या पदकांच्या कडेवर सैनिकाचे नाव आणि पलटण कोरलेली आहे, आणि मला पदकाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटनने आपल्या सैनिकांना नाव न कोरता दिली, याची मला आजही खंत वाटते.

त्याच महायुद्धात उत्तर ध्रुववृत्तापलीकडे रशियाला रसद पोहोचवणाऱ्या ताफ्यांसाठी 'आर्क्टिक स्टार' २०१३ साली दिला जाऊ लागला. या वेळी किमान दिवसांची अट नव्हती, आणि सैनिक हयात नसेल तर त्याच्या वारसांनाही अर्ज करता आला.