सरपणाचा हिशेब

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, लाकूड पुन्हा उगवतं म्हणून ते संपत नाही, असं सरसकट सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. जंगलात वर्षाला जेवढी वाढ होते तेवढंच काढलं तर ठीक. त्याहून जास्त काढलं की मुद्दलालाच हात लागतो. सुबाभूळ तोडली तरी चार-पाच वर्षांत पुन्हा उभी राहते. धावड्याचा निखारा चांगला, पण त्याची वाढ अगदी संथ.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. काय काढायचं, किती काढायचं, हे ग्रामसभा ठरवते. आपल्याकडे तसं जंगल नाही. म्हणून आपल्या सरपणाची गोष्ट शेतातून सुरू होते, पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून.

कापूस वेचून झाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी उपटतात. एकरी टनभराच्या आसपास निघते. दरवर्षी निघते, एकही झाड न तोडता. तुराट्या वेगळ्या.

आता चुलीचा हिशेब करू. ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. पंचवीस किलोची वाळलेली मोळी घ्या. साध्या चुलीत तिची उष्णता जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्याला लागते, बाकी धूर, भिंती आणि वाऱ्यावर जाते. 14.2 किलोच्या सिलिंडरमधली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्यापर्यंत पोचते. म्हणजे एक सिलिंडर साधारण सात-आठ मोळ्यांएवढं. चूल सुधारून पंचवीस टक्क्यांवर नेली तर चारच मोळ्या लागतील. उरलेल्या मोळ्या डोक्यावर वाहणारी बाई कोण, हे इथे मागे बसलेल्या बहिणींना सांगायला नको. उज्ज्वला गॅस योजना 2016 मध्ये आली, सिलिंडर घरोघरी गेलं, पण ते भरून आणायला पैसे लागतात, त्यामुळे चूल काही विझली नाही.

आणि ओलं लाकूड जाळू नका. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचंच असतं. आधी ते पाणी उकळायचं, मग वरण!

आता दुसरा गिऱ्हाईक आलाय. केंद्र सरकारच्या 2021 च्या धोरणाने वीज केंद्रांना कोळशात शेतकचरा दाबून केलेल्या कांड्या मिसळायला सांगितलं, साधारण पाच टक्के. चंद्रपूरचं केंद्र 2,920 मेगावॅटचं. ते पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला चाळीस हजार टनांहून जास्त कोळसा लागेल. त्याचे पाच टक्के म्हणजे दोन हजार टन. एकरी एक टन धरला तर दोन हजार एकरांची पऱ्हाटी, तीही रोज! एवढी एका केंद्राला. पऱ्हाटी वर्षातून एकदाच निघते आणि ती फुगीर असते; ट्रॉली भरते, पण वजन भरत नाही. लांब नेली तर सगळा फायदा डिझेलमध्ये जातो. म्हणून कांड्या करायच्याच तर यंत्र तालुक्यात हवं, आणि गावाची चूल भागल्यावरच माल विकायचा, असं माझं मत आहे. भाव मिळाला की आधी सगळं विकलं जातं, आणि सरपणासाठी बाई पुन्हा रानात जाते.

एक अडचण राहिली. पऱ्हाटीच्या गंज्या बांधावर रचल्या की उरलेल्या बोंडांमधली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तिथेच टिकते. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा, त्या बोंडं खातात. मग पऱ्हाटी उपटा, उरलेली बोंडं झाडून जाळा, आणि मगच काड्या घरामागे रचा, शेतापासून दूर आणि पावसाळ्याआधी संपतील एवढ्याच. ज्यांच्याकडे त्याहून जास्त आहे, त्यांनी ती शेतातच यंत्राने बारीक करून मातीत गाडावी. यंत्राचं भाडं पाच-सहा जणांनी वाटून घेतलं तर परवडतं.