कबरीचा पट्टा: हतनूर ते लळिंग

(पहाट. धुकं, पाणी, लांबवर काळी रेघ.)

हे हतनूरचं बॅकवॉटर, म्हणजे तापीवरच्या धरणामागे साचलेलं पाणी. इथून लळिंगच्या किल्ल्यापर्यंत मी आणि माझी कुत्री कबरी निघालोय. डिसेंबर महिना, सकाळचे साडेसहा, आणि पाण्यावर ती जी काळी रेघ दिसतेय ना, ती जमीन नाहीये. धुकं जरा वर सरकू द्या.

(रेघ हलते. पक्षी.)

हे बघा. लालसर भगवे आहेत ते चक्रवाक, हिमालयापलीकडून येतात. लांब टोकदार शेपटीचं ते तलवार बदक, चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, आणि काठाच्या गवतात काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा लावलेले, ते वारकरी. नाव किती बरोबर बसलंय, दिंडीसारखेच घोळक्याने चालतात.

इथून वरच्या अंगाला चांगदेवजवळ तापीला पूर्णा मिळते. पूर्णा येते विदर्भातून, काळ्या मातीच्या मुलखातून, आणि येताना ती माती घेऊनच येते. हतनूरच्या धरणाला ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात ते उघडले की जळगावच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो असतो, पण गाळ काही सगळा वाहून जात नाही, तो इथेच बसतो, मग पाणी उथळ होतं, शेवाळं आणि पाणवनस्पती वाढतात, आणि हेच उथळ पाणी या पाहुण्यांसाठी वाढलेलं ताट असतं. धरणातला साठा त्यामुळे घटतो, तो प्रश्न मोठा आहे.

(कबरी. आधी कान, मग चेहरा, मग पट्टा.)

आणि ही कबरी.

गावठी आहे. केळीच्या एका बागेत कापलेल्या खोडांचा ढीग होता, त्याखाली पाच पिल्लं होती, त्यातली ही एक. लोक विचारतात, कुठली ब्रीड आहे? इथलीच आहे हो. हिच्या आजी-पणजी याच उन्हात, याच काळ्या मातीत वाढल्या. अंगावर केस कमी, पाय लांब, पोट आत. या मुलखात चालायला याच्यापेक्षा चांगलं कुत्रं मला तरी माहीत नाही.

(केळीच्या बागेतले जुने शॉट. पिल्लू पट्टा चावतंय.)

पण चालायला शिकवावं लागतं. चार महिने लागले आम्हाला. पहिला महिना नुसता पट्टा अंगावर, चालणं नाहीच, घरात तसंच फिरायचं. गळ्यातला पट्टा नाही, हार्नेस, म्हणजे छातीवरून येणारा, कारण ओढलं की गळा आवळतो आणि कुत्रं आणखीच ओढतं. मग केळीच्या ओळींतून चालणं, कारण ओळीत इकडेतिकडे पळायला जागाच नसते, सरळ चालावंच लागतं. तिने ओढलं की मी थांबायचो. बास, एवढंच. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही, नुसतं झाडासारखं उभं राहायचं, आणि पट्टा सैल झाला की परत चालायचं. पहिल्या दिवशी शंभर पावलांना अर्धा तास लागला.

मग लसी. रेबीजची तर हवीच, दरवर्षी. पाणथळ जागी जायचं असेल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचीही, कारण साचलेल्या पाण्यात उंदराच्या लघवीतून तो आजार येतो. गोचिडीचं औषध. प्यायचं पाणी घरून, कपाशीच्या शेताकडेचं पाणी तिला कधीच नाही, फवारणी कधी झालीय आपल्याला काय माहीत. आणि चालायचं फक्त दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दहा-साडेदहाच्या आत. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो.

(परत हतनूर. पट्टा ताणलेला, कबरी एकटक बघतेय.)

पहिल्या वर्षी मी इथे पट्टा सोडला होता. दोन मिनिटांत अख्खा थवा उठला आणि त्या सकाळी परत बसला नाही.

आता पट्टा दोन मीटरचा. आणि पक्ष्यांच्या माना बघायच्या. चरताना मान खाली असते. माना वर झाल्या, सगळ्यांच्या एकदम, आणि खाणं थांबलं की समजायचं आपण जास्त जवळ आलोय, तिथूनच मागे फिरायचं. उडेपर्यंत वाट बघायची नाही. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे पोट भरायला उतरलाय, त्याला परत परत उठवलं तर तो खाणार कधी? फेब्रुवारी संपला की आम्ही काठावर येतच नाही. टिटवी, शेकाट्या, नदी सुरय, सगळ्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, मातीच्याच रंगाची, माणसाला दिसत नाहीत पण कुत्र्याच्या नाकाला लगेच सापडतात.

(चांगदेव मंदिर. दगडावर ऊन.)

संगमावरचं हे चांगदेवाचं मंदिर. कबरी बाहेर, सावलीत, मी आणि कॅमेरावाला दादा आलटून पालटून आत. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, चांगदेव वाघावर बसून आले आणि समोरून ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं भिंतीवर बसून. ज्ञानेश्वरांना पाठवलेलं ते कोरं पत्रही माहीत असतं. पण एवढ्या मोठ्या योग्याला शेवटी गुरू मिळाली ती मुक्ताबाई, वयाने केवढीशी. तिचं समाधीस्थान इथून जवळच, मेहूणला. या भागातल्या म्हाताऱ्या तिला आदिशक्ती मुक्ताई म्हणतात, आणि त्या ते ज्या मायेने म्हणतात ना, ते ऐकायला इथे यावं.

(लांबवर निळा सातपुडा.)

उत्तरेला तो सातपुडा. यावल अभयारण्य, पाल, सगळं तिकडे. तो या फिल्ममध्ये असा लांबूनच दिसेल, कारण अभयारण्यात पाळीव कुत्रं नेता येत नाही. आणि ते बरोबरच आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपरसारखा आजार कोल्ह्या-लांडग्यांना गेला तर त्यांना कोण लस देणार?

(कमळं. पूर्ण स्क्रीन.)

पद्मालय. एरंडोलपासून दहा-एक किलोमीटर, डोंगरावर, झाडीत. नावातच कमळाचं घर. मंदिरात गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी, एक उजव्या सोंडेची, एक डाव्या. आणि समोर हा तलाव.

हा शॉट आम्ही कापला नाही, पूर्ण ठेवलाय. पानावरून चालतोय तो कमळपक्षी. बोटं बघा त्याची, केवढी लांब, त्यामुळे वजन पसरतं आणि पान बुडत नाही. कबरी इथे वीस मिनिटं बसून राहिली. खरंच वीस मिनिटं, आमच्याकडे सगळं फुटेज आहे.

एरंडोलचे लोक सांगतात, महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराला मारलं ते याच डोंगरात. उतरताना पायवाटेवर गोखरू, म्हणजे पायात रुतणारे काटे, फार. कबरी तीन पायांवर उभी राहिली की आम्ही थांबायचो.

(पारोळा. बाजार, खंदक, बुरूज.)

पारोळ्याचा भुईकोट किल्ला, १७२७ सालचा. हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. झाशीच्या राणीच्या सासरचं नेवाळकर घराणं, त्यांचं नाव या गावाशी जोडलेलं आहे. १८५९ मध्ये इंग्रजांनी तो ताब्यात घेतला. चारही बाजूंनी खंदक आहे, आणि खंदकाच्या कडेपर्यंत आता बाजार आलाय.

गावातून कुत्रं घेऊन जाणं हे डोंगरापेक्षा अवघड. प्रत्येक गल्लीची आपली टोळी. चार कुत्री पुढे आली तर पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, आपण मधे उभं राहायचं आणि कबरीला पाठीमागे घ्यायचं. तेवढ्यात ओट्यावरून कुणीतरी हाक मारतंच. इथे एक आजोबा उठले, नुसतं "हाड" म्हटले, सगळी टोळी बाजूला. मग मला अहिराणीत म्हणाले, "कथा चालना रे भो?" म्हणजे कुठे चाललास रे भाऊ. म्हटलं, लळिंगला. कबरीकडे बघून म्हणाले, "चावस का हाई?" नाही म्हटल्यावर आतून अर्धी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणली. आम्हाला शेवभाजी, तिला कोरी भाकरी, कारण रश्शात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला बाधतो. आजोबांना हे पटलं नाही, पण भाकरी त्यांनी कोरीच दिली.

(लळिंग. पिवळं गवत, वर तटबंदी.)

धुळ्याजवळ, मुंबई-आग्रा हायवेला लागून हा लळिंगचा किल्ला. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेर दिलं, तिथून खान्देशात फारुकींचं राज्य सुरू झालं, आणि लळिंग आलं त्याच्या मोठ्या मुलाकडे, नासिरखानाकडे. पायथ्याच्या बंगल्यात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते, ३१ जुलैला लोक आजही तिथे जमतात.

चढ तासाभराचा. हे पिवळं गवत कॅमेऱ्यात सोन्यासारखं दिसतं, पण त्याची कुसळं कुत्र्याला फार वाईट. टोकाला भाल्यासारखी असतात, पंजात किंवा कानात शिरली की पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. म्हणून दर दहा मिनिटांनी थांबून पंजे बघायचे, बोटांच्या मधे, कानात, काखेत. वर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, तिथे तिला पाणी पाजलं, आमच्या बाटलीतलंच.

(तटावरून हायवे. ट्रकचे दिवे लागतायत.)

अंधाराच्या आत उतरायचं होतं, बिबट्याचा भाग आहे, रात्री कुत्रं बाहेर ठेवायचं नाही. खाली चहाच्या टपरीवर दादाने मोबाईलचा टॉर्च धरला आणि कबरी माझ्या मांडीवर आडवी पडली. डाव्या पंजातून सहा कुसळं निघाली. उजव्यातलं एक सापडत नव्हतं, टपरीवाल्या ताईंनी चिमटा दिला.