तीस लाखांतले 475

(काचेच्या कपाटात हातमोजे घातलेले दोन हात, एक छोटी नळी.)

नळीत पाण्यासारखं नितळ दिसतंय ते मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं द्रव आहे. रुग्णाच्या कमरेत, दोन मणक्यांमधून सुई घालून काढलेलं. ताप उतरत नाही, शुद्ध हरपते आहे, आणि आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह.

नेहमीच्या तपासणीत संशय आधी घ्यावा लागतो. क्षयाचा पीसीआर क्षयाचाच जंतू शोधतो, दुसरं काही त्याला दिसत नाही. डॉक्टरांच्या मनात जे नाव आलंच नाही, त्याची तपासणी कुणी लिहून देत नाही. कल्चरमध्ये जंतू वाढावा लागतो, आणि अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तर तो अनेकदा वाढतही नाही. सीक्वेन्सिंगमध्ये आधी नाव घ्यावं लागत नाही. नळीत जे जनुकीय द्रव्य असेल, ते सगळंच वाचायचं.

(नळीत तपकिरी थेंब पडतो.)

हे चुंबकीय मणी. डीएनए त्यांना चिकटतो. नळी चुंबकाला लावली की मणी एका बाजूला ओढले जातात. भिंतीवर ती तपकिरी रेघ उमटली, बघा. आता उरलेलं पाणी पिपेटनं ओढून घ्यायचं, मणी अल्कोहोलनं धुवायचे, आणि हे सगळं त्या रेघेला धक्का न लावता. मणी पिपेटमध्ये गेले की नमुना गेला, आणि नवा हवा तर पाठीत पुन्हा सुई.

काही विषाणूंजवळ डीएनए नसतोच, आरएनए असतो. तो आधी डीएनएमध्ये उतरवून घेतात. मग यंत्रात तुकडा धरून ठेवता यावा म्हणून प्रत्येक तुकड्याच्या टोकांना अ‍ॅडाप्टर जोडायचे, आणि नमुन्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळा बारकोड.

शेजारच्या नळीत नुसतं शुद्ध पाणी आहे. तेही नमुन्याच्या बरोबरीनं प्रत्येक पायरीतून जातं. रसायनांच्या बाटल्यांतही जंतूंच्या डीएनएचे अंश असतात, माणसाच्या त्वचेवर तर असतातच. म्हणून पाण्यात जे सापडलं ते रुग्णाच्या माथी मारायचं नाही. मला विचाराल तर या खोलीतली सगळ्यात मोलाची नळी हीच.

(यंत्राचं झाकण बंद होतं. पडद्यावर ठिपके.)

आत काचेची पट्टी आहे, फ्लो सेल. ए, सी, जी, टी, ही डीएनएची चार अक्षरं. एकेक अक्षर जोडलं जातं, प्रकाशाची खूण उमटते, कॅमेरा ती टिपतो. असे लाखो तुकडे, आणि त्यातले बहुतेक रुग्णाचे स्वतःचेच. संगणक ते बाजूला काढतो आणि उरलेले जगभरच्या जंतूंच्या नोंदींशी ताडून बघतो.

(पडद्यावर आकडे सरकत राहतात.)

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला 14 वर्षांचा एक मुलगा. प्रतिकारशक्ती जन्मापासून दुबळी. चार महिने ताप आणि डोकेदुखी, मग मेंदूला सूज, झटके. मेंदूचा तुकडा काढून तपासला, तरी कारण हाती लागलं नाही. शेवटी असंच द्रव सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स च्यू यांच्या चमूकडे गेलं. वाचले गेलेले तुकडे 30,63,784. त्यातले 475 लेप्टोस्पायराचे, म्हणजे प्राण्यांच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून येणाऱ्या जंतूचे. नमुना पोहोचल्यापासून 48 तासांत हे कळलं. औषध पेनिसिलिन, कितीतरी जुनं. 32 दिवसांनी मुलगा घरी गेला. 2014 मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली.

2019 मध्ये त्याच विद्यापीठानं आठ रुग्णालयांतल्या 204 रुग्णांचा अभ्यास मांडला. 58 संसर्ग सापडले, त्यातले 13 फक्त सीक्वेन्सिंगनं. 26 या चाचणीच्या हातून सुटलेही. काहींमध्ये द्रवात जंतूच फार कमी होते, काहींची खूण फक्त प्रतिपिंडांत, म्हणजे जंतूशी लढायला शरीरानं बनवलेल्या प्रथिनांत, होती.

(तेच दोन हात. दुसरी नळी.)

हा पुढचा नमुना. आणि शेजारी पुन्हा पाण्याची नळी.