आधी पिढी विचारा, मग किंमत

नमस्कार श्रोतेहो.

दहावी-बारावीचे निकाल लागले की बऱ्याच घरांत एक मागणी पुढे येते. सुरुवातीला ती ‘अभ्यासासाठी कॉम्प्युटर’ अशी असते. दोन दिवसांत खरं काय ते कळतं: गेमिंग पीसी हवाय. आईवडील बजेट सांगतात आणि पोरगं लगेच मोबाइलवर जाहिरात काढून दाखवतं. ‘आय सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक कार्ड, मॉनिटरसकट पूर्ण सेट.’ किंमत अशी की आईवडीलही खूश, पोरगंही खूश.

त्या जाहिरातीत खोटं काही नसतं, फक्त अर्धं सांगितलेलं असतं. आय सेव्हन हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, आडनाव आहे, आणि त्या आडनावाची मंडळी २००८ पासून जन्माला येतायत. त्यातले आजोबा कोण आणि नातू कोण, हे पुढच्या आकड्यावरून कळतं. ‘आय सेव्हन २६००’ म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. ‘आय थ्री १२१०० एफ’ म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. दोघांनाही चारच कोअर, म्हणजे काम करणारे भाग, पण हा धाकटा आय थ्री त्या थोरल्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. दुकानात तुम्ही नुसतं ‘आय सेव्हन आहे ना?’ असं विचारलंत, तर उत्तर ‘हो’ असंच येणार. विचारायचं ते असं: ‘कितवी जनरेशन? पूर्ण मॉडेल नंबर सांगा.’

चार जीबीच्या कार्डाचंही तसंच. स्वस्तातल्या सेटमध्ये बऱ्याचदा जीटी ७३० नावाचं कार्ड असतं. ते आलं २०१४ मध्ये, आणि तेव्हाही ते खेळांसाठीचं कार्ड म्हणून कुणी मिरवत नव्हतं. त्याच्यावर चार जीबी मेमरी चढवली म्हणून त्याची ताकद वाढत नाही. कॅबिनेटचं झाकण उघडायला सांगा. तळहाताएवढं कार्ड, त्यावर नाण्यापेक्षा जरा मोठा पंखा, असं दिसलं की समजून जा.

जुनी पिढी घेण्यात आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. विंडोज ११ आडमार्गाने चढवता येते म्हणा. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा खेळ टीपीएम आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) तपासतो आणि ते नसेल तर सुरूच होत नाही. ज्या खेळासाठी पीसी घेतला तोच चालला नाही, तर स्वस्तात मिळाल्याचं कौतुक काय करायचं?

म्हणून पहिला प्रश्न दुकानदाराला विचारायचाच नाही, स्वतःच्या मुलाला विचारायचा: नक्की काय खेळणार आहेस? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, २०१५ मध्ये पीसीवर आलेला जीटीए फाइव्ह, या मंडळींना राजेशाही यंत्र लागत नाही. दर वर्षी येणारे नवे, भव्य खेळ लागतील तर खर्च वेगळा. आणि बीजीएमआयसाठी पीसी मागत असेल तर थांबा, तो फोनचा खेळ आहे.

आता पैसे कुठे घालायचे ते बघू. मी मुद्दाम रुपयांचे आकडे सांगत नाही, कारण या बाजारात आजचा भाव पुढच्या महिन्यात राहत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कसे चढले ते घेणाऱ्यांनी पाहिलंय. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी एवढी लागते की आपल्यापर्यंत ती महाग होऊनच पोहोचते. तेव्हा आपण आण्यांत बोलू. मॉनिटर बाजूला ठेवून उरलेला रुपया सोळा आण्यांचा धरला, तर पाच-सहा आणे ग्राफिक कार्डाला. फुल एचडी स्क्रीनवर खेळायचं असेल तर आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०६० या दर्जाचं कार्ड नवशिक्याला पुरून उरतं. तीनेक आणे प्रोसेसरला. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६०० सारखा सहा कोअरचा असला की झालं. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, रॅम आणि फाइली साठवणारी एसएसडी यांत बाकीचे. काच आणि रंगीत दिवे लावलेल्या कॅबिनेटला जितकं कमी देता येईल तितकं कमी द्या. समोर काच असली की हवा आत जात नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात कॅबिनेटला हवा लागते, दिवे नाही लागत.

एसएमपीएसला, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, मात्र सव्वा आणा बाजूला काढाच. मला विचाराल तर नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. डब्यावर ठसठशीत ‘४५० वॉट’ लिहिलेलं असतं. ते वाचू नका. बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा. त्याखाली ॲम्पिअर लिहिलेले असतात. बाराने गुणा. ३६ ॲम्पिअर असतील तर ४३२ वॉट, म्हणजे डब्यावरच्या आकड्याशी जुळतं. १६ असतील तर १९२. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः या १२ व्होल्टवरच जगतात. म्हणजे तो ४५० वॉटचा डबा तुमच्या उपयोगाचा दोनशे वॉटचासुद्धा नाही. हातात घेऊन वजनही बघा, फार हलका लागला तर परत ठेवा. असा एसएमपीएस जातो तेव्हा कधी कधी बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो.

बजेट एवढंही नसेल तर? एक मार्ग मला फार आवडतो: पीसी दोन हप्त्यांत घ्यायचा. रायझन ५ ५६०० जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. तो घ्या, चांगला एसएमपीएस घ्या, कार्ड घेऊच नका. हलके खेळ सेटिंग जरा खाली आणून व्यवस्थित चालतात. वर्षभराने पैसे जमले की त्याच यंत्रात कार्ड बसवा, काही फेकावं लागत नाही. अट एकच: रॅमची एक सोळाची पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी उसनी घेतं, आणि दोन पट्ट्या असल्या की मेमरीचे दोन्ही रस्ते वापरता येतात. एका पट्टीवर तोच खेळ अडखळत चालतो. आणि हो, मॉडेलच्या शेवटी ‘जी’ आहे ना ते बघा. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं. इंटेलच्या ‘एफ’वाल्यांतही नसतं. ते घेतलेत आणि कार्ड नाही, तर स्क्रीन काळीच राहणार.

सेकंडहँडला माझा विरोध नाही. कंपन्यांतून निघालेले डेस्कटॉप मिळतात. आठव्या पिढीचा आय फाइव्ह असेल तर पाया चांगला. पण बारीक, आडव्या डब्याचं मॉडेल असेल तर त्यात पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही, आणि एसएमपीएस कंपनीच्याच घडणीचा असल्याने बदलता येत नाही. अशा डब्यात स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागणारं, कमी उंचीचं, जीटीएक्स १६५० सारखं कार्डच बसतं. त्यापुढे जाण्याचा विचार सोडून द्यायचा. सुटं वापरलेलं कार्ड घ्यायचं असेल तर विक्रेत्याच्या घरीच अर्धा तास एखादा जड खेळ चालवून बघा. स्क्रीनवर रेघा, ठिपके, पंख्याची खरखर, काही दिसलं तर नमस्कार करून निघा. जुन्या कार्डाला नव्याचं नाव चिकटवणारेही आहेत. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम अशा सोंगाडे कार्डांपुढे बऱ्याचदा ‘फेक’ असं लिहून दाखवतो.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. पुण्यात तपकीर गल्ली. निदान तीन दुकानांत लेखी कोटेशन घ्या, त्यात प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून मागा. ‘५०० वॉट एसएमपीएस’ एवढंच लिहिलं असेल तर ते कोटेशन अपुरं. बिल पक्कं हवं, जीएसटीचं, आणि त्यावर सीरियल नंबर. प्रोसेसर सीलबंद डब्यातला घ्या. सुटा, ट्रेमधला असेल तर वॉरंटी कुणाची, हे बिलावर लिहून घ्या.

जोडणी दुकानात करून घेतलीत तरी चालेल, पण समोर उभं राहून बघा. घरी आणल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाच्या खाचेत लावा. मागे बोर्डाची खाच वर असते म्हणून हात आधी तिथेच जातो, आणि मग ‘कार्ड घेऊनही गेम अडकतोय’ अशी तक्रार सुरू होते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा, असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा निवडा. नाहीतर तो बिचारा साठवरच चालत राहतो.

शेवटचं, विजेचं. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल आणि वीज गेली की तो रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का पाहा. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर पीसी दुकानात परत नेऊ नका. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, तोवर पीसी बंद ठेवा.

नमस्कार.