टाके जपताना

श्रोतेहो, नमस्कार.

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे बाळ 3 ते 6 महिन्यांचे असताना आणि दुभंगलेल्या टाळूची, म्हणजे तोंडाच्या आतील छताची, 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान केली जाते; म्हणजे ज्या वयात मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, नेमक्या त्याच वयात त्याच्या तोंडात ताजे टाके असतात. ते टाके सांभाळणे हे आम्हा परिचारिकांचे आणि तुम्हा पालकांचे सामाईक काम आहे.

पहिली रात्र सर्वांत जागरूकतेची. टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या बाळाला भूल उतरेपर्यंत कुशीवर निजवतात, कारण लाळ व रक्त बाहेर यावे, श्वासमार्गात जाऊ नये. लाळेत किंचित गुलाबी छटा दिसली तर घाबरू नये. परंतु बाळ झोपेतही पुन्हा पुन्हा गिळत असेल, तर ते घशात उतरणारे रक्त असू शकते. गळ्याची ती बारीकशी हालचाल लांबून दिसत नाही. ती दिसताच डॉक्टरांना बोलवावे. ओठाची शस्त्रक्रिया झालेल्या बाळाला मात्र पालथे घालू नये, कारण टाके अंथरुणावर घासतात.

रडताना ओठ ताणला जातो आणि तो ताण थेट टाक्यांवर येतो. म्हणून वेदनाशामक औषध बाळ कळवळून रडेपर्यंत न थांबता, डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेल्या वेळी द्यावे. माझ्या मते आईने बाळाला उराशी धरून बसणे हाही उपचाराचाच भाग आहे.

हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून काही ठिकाणी कोपरांना पट्ट्या बांधतात. त्या पाहून आईचा जीव कासावीस होतो, हे मी जाणते. दर काही तासांनी एका वेळी एकच हात मोकळा करावा, कोपर हलवावे, त्वचा लाल झाली आहे का ते पाहावे.

दूध पाजताना बाळाला उभे धरावे आणि चमच्याची कड खालच्या ओठावर टेकवून दूध हळूहळू सोडावे. चमचा आत टाळूपर्यंत नेऊ नये. बाळ हवा जास्त गिळते, म्हणून मध्ये मध्ये ढेकर काढावी. स्तनपान किंवा बाटली केव्हा सुरू करायची, हे शल्यचिकित्सकांनाच विचारावे. ओठावरील टाके सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने अलगद टिपावेत, चोळू नयेत.

घरी गेल्यावर ताप आला, लघवी कमी झाली किंवा टाक्यांतून पू आला, तर त्याच दिवशी दाखवावे. ओठावरचा व्रण सुरुवातीला अधिक लाल आणि कडक होतो व पालक धास्तावतात. भरून येणाऱ्या जखमेची ती नेहमीची वाटचाल असून साधारण वर्षभरात तो मऊ आणि फिकट होत जातो.