मुलं किती?

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत आजचा विषय छापलाय, ‘आश्रयाचा कायदा आणि मागे राहिलेलं कुटुंब’. हे नाव आयोजकांचं. मी सुचवलं होतं ‘मुलं किती?’ त्यांना ते कुटुंबनियोजनाच्या शिबिरासारखं वाटलं. (हशा) तर मी दोन्हींवर बोलेन, वेळ पुरला तर.

मी वकील नाही. परदेशात आश्रय मागणाऱ्यांच्या मुलाखतींना मी चौदा वर्षं दुभाषी होते. एका कानाला उर्दू-हिंदी, दुसऱ्या कानाला तिकडची भाषा. देश कुठला ते सांगणार नाही, गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे. पुढे जी गोष्ट येईल तिच्यातले ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

दुभाष्याचा पहिला नियम असा की समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘ते सांगताहेत की त्यांना मारलं’ असं नाही. ‘मला मारलं.’ त्यामुळे या चौदा वर्षांत मी तुरुंगात मार खाल्लाय, दोनदा विधवा झालेय आणि एकदा दाढी न ठेवल्याबद्दल फटकेही सोसलेत. (हशा) हसताय, पण संध्याकाळी घरी आल्यावर ‘मी’ म्हणजे नक्की कोण, हे थोडा वेळ आठवावं लागायचं.

दुसरा नियम, खोलीत जे बोललं जाईल ते सगळं भाषांतरित करायचं. हा नियम लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि भाषा सरळ थोडीच असते? उर्दूत कितीतरी माणसं स्वतःपुरतंही ‘हम’ म्हणतात. नवख्या दुभाष्यानं त्याचं ‘आम्ही’ केलं की अधिकारी विचारणार, बरोबर कोण होतं? कुणीच नाही. मग ‘आम्ही’ का म्हणालात? झाली विसंगती! भावाचंही तेच. पहिल्या मुलाखतीत ‘भाई’, दुसऱ्या मुलाखतीत ‘चचाज़ाद भाई’. चुलतभावाला ‘हा माझा भाऊ’ म्हणताना आपल्याला कधी खोटं बोलल्यासारखं वाटतं का? निकालपत्रात मात्र लिहून येतं की अर्जदारानं भावाबद्दल परस्परविरोधी माहिती दिली. यावर मी तासभर बोलू शकते, पण अध्यक्षांनी आत्ताच घड्याळ पाहिलं.

तर गोष्ट. एक माणूस, चाळिशीचा. बायको आणि मुलं मागे, एका नातेवाइकाच्या घरी लपलेली. मुलाखतीच्या सुरुवातीलाच अधिकाऱ्यानं विचारलं, “मुलं किती?” तो गप्प. मग हळूच मला म्हणाला, “ये काग़ज़ कहाँ जाते हैं?” नियमाप्रमाणे मी तेही भाषांतरित केलं. अधिकाऱ्यानं छापील कागद उचलून वाचला: तुम्ही सांगाल ते गोपनीय राहील, तुमच्या देशाच्या सरकारला कळवलं जाणार नाही. हे खरंच आहे, तसा दंडक आहे. माझं ते कामावरचं दुसरं वर्ष. ‘गोपनीय’ला मी शब्द वापरला ‘ख़ुफ़िया’. “सब ख़ुफ़िया रहेगा.”

उर्दू जाणणाऱ्यांनी तिकडे कपाळाला हात लावलेला दिसतोय. शब्द चुकीचा नाही, कोशात सापडेल. पण ‘ख़ुफ़िया’ म्हटलं की तिकडच्या माणसाला आधी आठवते ख़ुफ़िया पुलिस, म्हणजे ज्यांच्यापासून तो पळून आलाय तेच लोक. ‘राज़ में रहेगा’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाला, “तीन.”

मुलं चार होती. चौथी म्हणजे थोरली मुलगी, सोळा वर्षांची. तिचं नाव कागदावर गेलं तर तिकडे तिला शोधत येतील, म्हणून त्यानं ते गाळलं. बापानं लेकीला लपवलं, दुसरं काय.

पावणेदोन वर्षांनी त्याला आश्रय मिळाला. कुटुंबाला बोलावण्याच्या अर्जात त्यानं चार नावं लिहिली. पुन्हा मुलाखत, आणि योगायोगानं दुभाषी पुन्हा मीच. “तुम्ही तीन म्हणाला होतात. ही चौथी कोण?” डीएनए चाचणीनं ती त्याचीच मुलगी ठरली. पण आधी का सांगितलं नाही, याचं उत्तर कुठल्या चाचणीत येतं? मधल्या काळात ती अठराची झाली होती, तीही कागदोपत्री. अचूक जन्मतारीख माहीत नसली की अनेक ठिकाणी १ जानेवारी लिहून मोकळे होतात. एकेका निवासात निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी! (हशा) मौज वाटते, पण नोव्हेंबरात जन्मलेली मुलगी अशानं दहा महिने आधीच सज्ञान होते.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. आता पत्रिकेतला विषय.

१९५१ चा जिनिव्हाचा निर्वासित करार विचारतो ते ‘छळाच्या सार्थ भीती’बद्दल, म्हणजे अर्जदाराच्या स्वतःच्या भीतीबद्दल. माझ्यासमोर बसलेले बहुतेक लोक स्वतःसाठी घाबरणं सीमा ओलांडली तेव्हाच संपवून आले होते, आता भीती होती ती मागे राहिलेल्यांसाठी. कराराच्या कलमांत कुटुंबाला एकत्र ठेवण्याचं बंधन नाही. तो करार ज्या परिषदेत झाला तिच्या अंतिम ठरावात फक्त शिफारस आहे. मग प्रत्येक देशाची पट्टी वेगळी. बहुतेकांच्या मापात कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अल्पवयीन मुलं. आई-वडील, भावंडं सहसा मापाबाहेर.

मुदती ऐका. युरोपीय महासंघाच्या २००३ च्या निर्देशानुसार निर्वासिताला कुटुंबासाठी घर आणि उत्पन्न दाखवावं लागत नाही, पण निर्वासिताचा दर्जा मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला नाही तर देश ती अट घालू शकतो. अमेरिकेत मुदत दोन वर्षं. जर्मनीनं ‘दुय्यम संरक्षण’ मिळालेल्यांसाठी, म्हणजे करारानुसार निर्वासित ठरत नाहीत पण परत पाठवणं धोक्याचं आहे अशांसाठी, कुटुंब बोलावण्याचं हे दार मार्च २०१६ मध्ये बंद केलं, ऑगस्ट २०१८ पासून महिन्याला हजार जणांपुरतं उघडलं, जुलै २०२५ मध्ये पुन्हा दोन वर्षांसाठी बंद केलं. वयाबाबत एक बरी गोष्ट घडली. एकटी आलेली अल्पवयीन मुलगी प्रक्रिया चालू असताना अठराची झाली, तरी आईवडिलांना बोलावण्यापुरतं अर्जाच्या दिवशीचंच वय धरायचं, असं युरोपीय न्यायालयानं २०१८ मध्ये ठरवलं.

आणि गाळलेलं नाव? कॅनडाच्या २००२ च्या नियमांत तर सरळ आहे की वेळेवर न दाखवलेला नातेवाईक पुढे कुटुंब म्हणून येऊ शकत नाही. २०१९ पासून काहींना त्यातून सवलत मिळाली. भीतीपोटी धरलेलं मौन आणि लबाडी, दोन्हींना एकच शिक्षा! माझं मागणं एवढंच आहे: मुलांचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारू नका, कागद कुठे जातात हे आधी समजेल अशा भाषेत सांगा, आणि निकाल लागेपर्यंत यादीत नाव घालायची मुभा द्या, जाब न विचारता. आई वारली तरी परत जाता येत नाही, गेलं तर दर्जाच धोक्यात येतो, यावरही बोलायचं होतं. राहिलं.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही चहाच्या वेळी विचाराल. दुभाष्याला निकाल कळवत नाहीत. दुसरी मुलाखत संपली, सह्या झाल्या. उठता उठता त्यानं मला विचारलं, “आपके कितने बच्चे हैं?” खासगी प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, आणि बोललेलं सगळं भाषांतरित करायचं. मी अधिकाऱ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हाला मुलं किती?” त्याला वाटलं, प्रश्न त्यालाच आहे. “दोन,” तो म्हणाला. मी ते उर्दूत सांगितलं. नोंदीत ते आलं नाही.