एकांड्या माश्यांना बिऱ्हाड

(पुण्यात गच्चीवर आणि अंगणात बाग करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, प्लगच्या भोकात किंवा दाराच्या कुलपात माती भरलेली तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. आपण ती पिनेनं उकरतो, ‘कुंभारणीनं घर केलं’ म्हणतो आणि विसरून जातो. पुष्कळदा ती कुंभारीणच असते. ती गांधीलमाशीच्या गोतातली. पिल्लासाठी ती अळ्या बधिर करून कोंडून ठेवते. पण कधी कधी मातीमागे अळ्या नसतात, पिवळ्या परागाचा ओलसर गोळा असतो. तसं असेल तर ते घर मधमाशीचं. या मधमाशीला पोळं नाही, राणी नाही, हाताखाली कामकरी नाहीत. घर शोधणं, शिधा भरणं, अंडी घालणं, दार लिंपणं, सगळं एकटीनं. मी त्यांना एकांड्या माश्या म्हणतो.

जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आग्या, सातेरी, फुलोरी, पोया ही आपल्या ओळखीची मंडळी त्यात अगदी मूठभर. बहुसंख्य जाती एकांड्याच. त्या मध साठवत नाहीत, म्हणून आपल्या हिशेबात त्या कधी आल्याच नाहीत. आणि राखायला साठा नसल्यामुळे त्या अंगावरही येत नाहीत. चिमटीत धरलीत तर चावेल, तेवढंच.

गच्चीवर वांगी लावणाऱ्यांनी हे नीट ऐका. वांग्याच्या फुलातले परागकोश उभे चिरत नाहीत, त्यांना टोकाशी बारीक छिद्रं असतात. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला त्यातून पराग काढता येत नाही. अमेगिला ही निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी येते, परागकोशांना मिठी मारते, पंख मिटून छातीचे स्नायू थरथरवते, आणि मीठदाणीतून मीठ पडावं तसा पराग खाली येतो. जवळ उभं राहिलात तर गुणगुण एकदम बारीक, चढ्या सुरात गेलेली ऐकू येईल. काळा भुंगाही मधमाशीच, तोही हेच करतो. तुरीच्या फुलावर बघाल तर पानकापी माशी. तिचा पराग पायांवर नसतो, पोटाखालच्या केसांत असतो, त्यामुळे ती उडाली की पोट पिवळंधमक दिसतं.

गुलाबाच्या पानाच्या कडेला कुणी पंच मारल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले की लोक फवारा घेऊन धावतात. कृपा करून धावू नका. पानकापी पान खात नाही, त्याचं घराला अस्तर लावते. नीट पाहा, दोन आकार दिसतील. लांबट तुकडे खोलीच्या भिंतींना, गोल तुकडे झाकणाला. कापलेला तुकडा पायांत धरून, पोटाखाली दुमडून ती नेते.

आता घराकडे येऊ. आपण फुलझाडं भरपूर लावतो, पण शहरात टंचाई आहे ती भोकांची. वाळका फांदा आपण तोडतो, भिंतीच्या भेगा बुजवतो, अंगणात पेव्हर ब्लॉक घालतो. तेव्हा थोडी भोकं परत करायची.

सगळ्यात सोपा बांबू. पुण्यात बुरूड आळीत मिळेल, कोकणात तुमच्या परड्यातच असेल. वाळलेला घ्या, ओल्या बांबूला बुरशी आणि घुण दोन्ही लागतात. आतलं भोक ४ ते १० मिलिमीटर, वेगवेगळ्या मापांचं. लांबी साधारण १५ सेंटीमीटर. कापताना गाठ मागच्या टोकाला राहील असं कापा, म्हणजे ती बाजू आपोआप बंद. दोन्हीकडून आरपार नळीत माशी राहत नाही. कोयत्यानं तोडू नका, कडा चिरफाळतात आणि माशीचे पंख फाटतात. हॅकसॉनं कापा, तोंडाला आतून पॉलिशपेपर मारा.

१५ सेंटीमीटरचा आग्रह का? माशी नळीच्या तळापासून एकामागून एक खोल्या बांधत येते. प्रत्येक खोलीत परागाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग भिंत. अंडं फलित केलं तर मादी, न केलं तर नर, आणि ते तिच्या हातात असतं. माद्या ती आत, तळाशी घालते, नर दाराजवळ. नर आधी बाहेर पडतात, त्यामुळे वाटही अडत नाही. झां आंरी फाब्र या फ्रेंच निरीक्षकानं हा क्रम एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवला आहे. नळी आखूड दिलीत तर नरांचाच भरणा होतो, आणि पुढच्या वर्षी घरं बांधणार कोण?

लाकडाचा ठोकळा वापरायचा तर न रंगवलेला, न पॉलिश केलेला. भोकं बाजूनं, लाकडाच्या रेषांना आडवी पाडा. कापलेल्या टोकाच्या बाजूनं पाडलीत की लाकूड तडकतं.

टांगायची जागा हा आपल्याकडचा खरा प्रश्न. यावरची बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतून येते आणि तिकडची काळजी थंडीची. कोष काढून धुवा, फ्रिजमध्ये ठेवा, वगैरे. आपल्याकडे त्यातलं काही करू नका. इथं पुढची पिढी वसंताची वाट बघत बसत नाही, हवा मानवली तर त्याच हंगामात बाहेर येते. आपला शत्रू पाऊस, आणि त्यानंतर एप्रिल-मेचं दुपारचं ऊन. म्हणून नळ्यांची जुडी बांधून ती वळचणीखाली, तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन मिळतं आणि नैर्ऋत्येकडून येणारी झड पाठीवर जाते. वर एखादं जुनं कौल पुढे काढून ठेवलंत तर उत्तम. कमरेच्या वर, घट्ट बांधलेली. झुलणाऱ्या घरात माशी शिरत नाही. मुंग्यांसाठी तारेला ग्रीस.

जुडी वीस-पंचवीस नळ्यांचीच करा, आणि दोन-तीन जागी विखरून. मोठ्या वसाहतीत परजीवी माश्या आणि बुरशी फार लवकर माजतात. टोकदार पोटाची एक माशी दारापाशी घुटमळताना दिसेल. तीही मधमाशीच, पण आयत्या बिळावरचा नागोबा: पानकापीच्या शिध्यावर आपलं अंडं घालते. तिला हाकलू नका, तीही इथलीच. फक्त रिकाम्या झालेल्या नळ्या वर्षाला बदलत जा.

भुंग्याबद्दल नेहमी विचारतात, झोपाळ्याची लाकडी तुळई पोखरेल का? कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर कमळाच्या कळीत अडकतो, हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकलेला असतो. त्यातलं कोरडं लाकूड अगदी खरं आहे. जिवंत झाडाला तो हात लावत नाही. लाकडाला रंग द्या आणि जवळ १५ मिलिमीटर भोकाचा जाड, वाळका बांबू बांधा, तो बहुधा तिकडे वळेल. पोखरणारी अर्थात मादी. तोंडासमोर येऊन गुरगुरणारा नर असतो, त्याला नांगीच नसते.

आणि आता ज्यावर तुम्ही नाराज व्हाल ते. एवढं करूनही बांबूत येणाऱ्या जाती थोड्या. बहुतेक एकांड्या माश्या जमिनीत घर करतात. अमेगिलाला माती लागते, जुन्या मातीच्या भिंतीही चालतात. आपण मात्र सगळ्यांना मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, आच्छादन करा म्हणून सांगत आलोय, मीसुद्धा. आच्छादन हवंच, पण एक कोपरा उघडा सोडा. दोन-तीन फूट, उन्हातला, थोडा उताराचा, पाणी न साचणारा. खणू नका, सारवू नका. पेन्सिल शिरेल एवढं भोक आणि भोवती मातीची बारीक रास दिसली की मुंग्यांची पावडर टाकण्याआधी दहा मिनिटं थांबून बघा कोण बाहेर येतं.

गच्ची असेल तर लाल माती आणि वाळू कालवून खोल क्रेटमध्ये दाबून भरा, छपराखाली आडवा ठेवा, पुढच्या तोंडाला पेन्सिलीनं चार-सहा भोकं पाडा. माश्या येतीलच असं नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘बी हॉटेल’बद्दल चिठ्ठी आली आहे. बहुतेक शोभेची असतात. पाइनची बोंडं, गवत, रंगीत खिडक्या यांचा माश्यांना उपयोग नाही, आणि नळ्या बोटाएवढ्याही खोल नसतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्या असतील तर आत दमट होऊन सगळं सडतं. घेतलंच असेल तर चौकट ठेवा, आतला मसाला काढून बांबू भरा. कापलेल्या नळ्या मागच्या टेबलावर आहेत. नेताना तोंडावरून बोट फिरवून बघा. कूस लागलं तर शेजारी पॉलिशपेपर ठेवला आहे.